राजाची तीन पोरं आणि तीन दिवे : फँटसी कथा अडकलीय, मदत हवी

अर्धी वही
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

एक फँटसी कथा लिहायला घेतलीय. सांजगड नावाचं राज्य आहे. तिथे राजघराण्यात मूल जन्मलं की त्याच्या नावाने एक दिवा लावतात आणि तो गडाच्या पोटातल्या एका खोलीत, दिवेघरात, नेऊन ठेवतात. माणूस जिवंत तोवर दिवा जळतो. राजा गेला की राजाचा दिवा विझतो, आणि त्याच क्षणी त्याच्या मुलांपैकी एकाची ज्योत हातभर उसळते. ज्याची उसळली तो गादीवर. शेकडो वर्षं असंच चाललंय.

राजाला तीन मुलं. थोरला विश्रुत, पंधरा वर्षं सरहद्दीवर लढतोय. मधली धारा, बाप आजारी पडल्यापासून खजिना आणि दरबार तीच बघते. धाकटा अर्णव, दुसऱ्या राणीचा, वय वर्षं अकरा. राजा जातो, धाराची ज्योत उसळते, विश्रुत मानत नाही, बंड करतो, लढाई होते, तो मरतो, धारा राज्य करते. संपलं.

साडेसहा हजार शब्द लिहून झालेत. बहिणीला वाचायला दिली तर तिने पंधरा मिनिटांत परत दिली आणि "छान आहे" म्हणाली, लोकांच्या लग्नाचे फोटो बघून म्हणतात ना, तसं. काहीतरी गंडलंय हे मलाही कळतंय, पण काय ते कळत नाहीये. बिनधास्त झोडा.

गोधडी
अगं मस्त आहे की कल्पना! दिवेघर हा शब्द तर फारच आवडला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

काडेपेटी
विश्रुत शेवटी कड्यावरून पडून मरतो का? व्हिलन लोक नेहमी कड्यावरूनच पडतात, म्हणजे हिरोचे हात स्वच्छ राहतात आणि लेखकाचेही. हलके घ्या.

अर्धी वही
काडेपेटी, बुरुजावरून पडतो. :( तुम्ही माझी वही चोरून वाचली का?

खिडकीतली
बहिणीचं बरोबर आहे गं. तुझ्या कथेत भांडणच नाहीये. निकाल आहे, आणि निकाल न मानणारा एक माणूस आहे. दिव्याने सांगितलं धारा, म्हणजे धारा, विषय संपला. त्यानंतर विश्रुत उठला की तो आपोआप वाईट ठरतो, वाचकाला काही ठरवायलाच उरत नाही. पंधरा वर्षं सरहद्दीवर घासलेला माणूस आहे तो, त्याच्या मनात काय कालवाकालव झाली असेल! पण तू त्याला बोलूच देत नाहीस, कारण दिवा त्याच्या आधी बोलून मोकळा झालाय.

महाभारत आठव. धृतराष्ट्र थोरला, पण आंधळा, म्हणून राज्य पांडूला. मग पांडू वनात गेला, तिकडेच वारला, म्हणून गादीवर धृतराष्ट्र. पुढच्या पिढीत युधिष्ठिर वयाने मोठा आणि राजा झालेल्या पांडूचा मुलगा. दुर्योधन म्हणणार माझा बाप थोरला आणि आत्ता गादीवरही तोच बसलाय, मग मी कोण उपरा? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून तर एवढं मोठं रामायण घडलं (महाभारत म्हणायचंय, सवयीने आलं). तिथे कुठल्या दिव्याने निकाल दिला असता तर अठरा पर्वांचं दीड पर्व झालं असतं.

काडेपेटी
दीड पर्व +१. त्यातलं अर्धं वंशावळीचं.

तळटीप
खिडकीतलीताईंशी सहमत, आणि त्याला जोडून एक मुद्दा. मोठा प्रतिसाद आहे, कंटाळा आला तर सरळ पुढे जा.

वारसाच्या भांडणात माणसं किती दुष्ट होती यापेक्षा नियम काय होता ते आधी बघायचं, कारण गुन्हा कुठला घडणार हे नियमच ठरवतो. ऑटोमन तुर्कांकडे थोरला-धाकटा असं काही नव्हतंच, सगळ्या शहजाद्यांचा हक्क सारखा, त्यामुळे जो बसेल त्याला बाकीचे जिवंत ठेवून चालायचं नाही. दुसऱ्या मेहमदाच्या कायद्याने गादीवर बसणाऱ्याला भावांना मारायची चक्क परवानगी होती आणि १५९५ मध्ये तिसरा मेहमद बसला तेव्हा त्याचे एकोणीस भाऊ गळा आवळून मारले गेले, गळा आवळून कारण राजवंशाचं रक्त सांडायचं नाही असा दंडक! म्हणजे बघा, खून चालतो पण रक्त चालत नाही. पुढे १६०३ मध्ये पहिला अहमद बसला, त्याने भावाला मारलं नाही, आणि १६१७ मध्ये तो गेल्यावर मुलांऐवजी तोच भाऊ मुस्तफा गादीवर आला. तिथून हळूहळू घराण्यातला वयाने मोठा पुरुष बसवायची रीत पडत गेली आणि मग शहजाद्यांना मारायच्या ऐवजी महालात कोंडून ठेवायला लागले. नियम बदलला की गुन्हा बदलला.

बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यात सम्राट धडधाकट हवा असा संकेत. मग काय, मारायची गरजच नाही, डोळे काढा नाहीतर नाक कापा, बाद. दुसऱ्या जस्टिनियनचं ६९५ साली नाक कापून त्याला हाकलून दिलं. हा पठ्ठ्या दहा वर्षांनी, ७०५ मध्ये, परत येऊन गादीवर बसला! आणि ७९७ मध्ये आयरीन नावाच्या राजमातेने पोटच्या मुलाचे, सहाव्या कॉन्स्टंटाइनचे, डोळे काढवले आणि स्वतः राज्य केलं.

आपल्याकडेही तेच. शंतनूचा थोरला भाऊ देवापि, त्वचेचा रोग होता म्हणून लोकांनी राजा होऊ दिला नाही, तो वनात गेला. धृतराष्ट्राच्या दोन पिढ्या आधीच हा नियम त्या घराला एकदा चावून गेलेला होता. आयरिश पुराणकथेतला नुआडा राजाही असाच, लढाईत हात तुटला म्हणून राज्य गेलं.

तर तुमच्या सांजगडात नियम काय? "ज्योत उसळली की राजा." मग त्या नियमातून जन्माला येणारा गुन्हा कुठला? तो तुमच्या कथेत कुठेच घडत नाही. विश्रुत तलवार काढतो. तलवार कुठल्याही कथेत काढता येते, दिवा नसता तरी काढता आली असती.

गोधडी
बाप रे, एकोणीस भाऊ.

अर्धी वही
"तलवार कुठल्याही कथेत काढता येते" हे वाक्य वाचून दोन मिनिटं गप्प बसले. पटलं.

आडवाट
मला नाही पटलं. फँटसी वाचतो ती चमत्कारासाठी वाचतो. तुम्ही सगळे मिळून तिच्या दिव्याला वकील लावून देताय. राजे आणि कायदे वाचायचे असतील तर इतिहासाची पुस्तकं आहेतच की. दिवा बोलला, खरं बोलला, आणि खरं बोलूनही लोकांनी मानलं नाही, यातही कथा आहे. रामायणात भरताला गादी मिळत होती, आईने दोन वर वापरून मिळवून दिली होती, त्याने घेतली नाही, पादुका ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात जाऊन राहिला. म्हणजे हक्काचा निकाल लागल्यावरही माणूस काय करतो हा प्रश्न उरतोच ना.

खिडकीतली
उरतो, पण तिथे गंमत उलटी आहे ना आडवाट. भरताला निकाल फायद्याचा होता तरी त्याने नाकारला. विश्रुत तोट्याचा निकाल नाकारतोय, ते तर कुणीही करेल.

आडवाट
हम्म. हे मान्य.

काडेपेटी
आडवाट यांनी मान्य केलं, धाग्याची नोंद घ्यावी, आज तिथी काय आहे बघा रे कुणीतरी.

शिळा निखारा
एक बाळबोध शंका. धारा मुलगी आहे याचा कुणालाच काही प्रॉब्लेम नाही का सांजगडात? मग विश्रुतला राग नेमका कशाचा?

अर्धी वही
निखारा, मुद्दामच तसं ठेवलंय. "बाईला राज्य देणार नाही" असं भांडण मला लिहायचं नव्हतं. सांजगडात राण्या आधीही झाल्यात. त्याचा राग असा की मी बापासाठी रक्त सांडलं आणि ही घरात बसून हिशोब लिहीत होती.

तळटीप
चांगलं केलंत. कुठल्या रेषेने वारसा जातो यावरून सख्खी मुलंसुद्धा परकी ठरतात. त्रावणकोरात गादी बहिणीच्या मुलाकडे जायची. १७२९ मध्ये रामवर्मा राजा गेल्यावर भाचा मार्तंडवर्मा बसला आणि राजाची स्वतःची मुलं, त्यांना तंपी म्हणत, ती त्याच्याविरुद्ध उभी राहिली. दुसऱ्या कुठल्या राज्यात हीच मुलं युवराज म्हणून मिरवली असती आणि मार्तंडवर्मा बंडखोर ठरला असता. माणसं तीच, रेष हलली.

माजघर
उशिरा आले. तळटीपरावांचे प्रतिसाद वाचून माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी आलं. वारसाच्या बहुतेक भांडणात सगळ्यात मोलाची वस्तू मुकुट नसतो हो, बातमी असते. राजा गेला ही बातमी कुणाला आधी कळली.

१५६६ मध्ये सुलतान सुलेमान हंगेरीत वेढा चालू असताना तंबूत वारला तर वजिराने फौजेला कळूच दिलं नाही, मुलगा सलीम येईपर्यंत महिनाभराहून जास्त दिवस सुलतान जिवंत असल्यासारखा कारभार चालला. चीनचा पहिला सम्राट इ.स.पू. २१० मध्ये प्रवासात वारला, ते लपवायचं म्हणून प्रेताचा वास झाकायला खारवलेल्या माशांच्या गाड्या बरोबर ठेवल्या, आणि दरम्यान खोटं पत्र पाठवून थोरल्या मुलाला आत्महत्या करायला लावलं! त्याने केलीसुद्धा.

आणि शाहजहानचं तर उलटंच. तो मेलाच नव्हता. १६५७ मध्ये आजारी पडला, रोज झरोक्यात येऊन लोकांना तोंड दाखवायचा ते बंद झालं, बस्स. चारही मुलगे गणितं मांडायला लागले. बरा होऊन तो परत दिसायला लागला तोवर पोरं हातघाईवर आली होती. पुढच्या मे महिन्यात सामूगढला थोरल्या मुलाचा, दारा शुकोहचा पराभव, आणि म्हातारा १६६६ पर्यंत आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत. एक खिडकी उघडली नाही त्याचं एवढं सगळं.

तर प्रश्न असा, सांजगडात राजा गेला हे कुणाला आधी कळतं?

काडेपेटी
माशांच्या गाड्या!! याच्यावर वेगळा धागा काढा.

अर्धी वही
माजघर, दिवा विझतो ना, म्हणजे कळतंच.

माजघर
कुणाला? दिवा तर गडाच्या पोटात आहे म्हणालात.

आडवाट
अरे थांबा थांबा थांबा. मघाशी मी भांडत होतो ते मागे घेतो. दिवा खरंच बोलतो, चमत्कार शंभर टक्के खरा आहे, पण तो एका बंद खोलीत बोलतो! मग खोलीत कोण असतं? वही, कोण असतं तिथे?

अर्धी वही
एक म्हातारी आहे. वातवाली. तेल घालते, वाती करते. कथेत दोन ओळींपुरती येते, जिना चढून वर येते आणि "धाराबाईसाहेबांची ज्योत उसळली" असं सांगते. नावही नाही दिलेलं.

खिडकीतली
अगं बये!! साडेसहा हजार शब्द कुणावर घालवलेस तू?

माजघर
दोन ओळी :D

काडेपेटी
राज्य कुणाला द्यायचं हे जी एकटी सांगू शकते तिला नाव नाही, आणि बुरुजावरून पडणाऱ्याला पंधरा वर्षांचा पूर्वेतिहास. फार वास्तववादी कथा आहे, बदलू नका.

तळटीप
आता तुमच्या नियमाचा गुन्हा सापडला. साक्ष.

यावर आपल्याच घरातलं उदाहरण द्यायलाच हवं. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले, वारस नव्हता. म्हाताऱ्या ताराबाईंनी सांगितलं की माझा नातू आहे, लपवून वाढवलाय. त्यांच्या शब्दावर रामराजा गादीवर आला. वर्षभरात त्याचं आणि पेशव्याचं सूत आपल्याला हवं तसं राहत नाही म्हटल्यावर ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं आणि म्हणाल्या हा माझा नातूच नव्हे. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली. गंमत अशी की त्यानंतरही गादीवर तोच राहिला. एका बाईच्या शब्दावर माणूस छत्रपती झाला आणि त्याच बाईच्या शपथेने तो हलला नाही, कारण तोवर त्याचं तिथे असणं दुसऱ्यांच्या सोयीचं झालं होतं. हे पचवायला मला स्वतःला वेळ लागला होता.

शिळा निखारा
आणि "ध चा मा" विसरलात का काय! धरावे चं मारावे केलं अशी आख्यायिका आहे ती. एका अक्षराची साक्ष. नारायणराव पेशवे १७७३ मध्ये गेले आणि मागे बायको गरोदर. पुढच्या एप्रिलात पुरंदरावर मुलगा झाला तो सवाई माधवराव, चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं मिळाली. मग दुसऱ्या राणीला दिवस गेलेत असं केलं तर? पोटातल्या बाळाचा दिवाच लावलेला नाही अजून!!

खिडकीतली
निखारा, आयडिया भन्नाट आहे पण या कथेत नको. आधीच तीन पोरं आहेत, चौथं आणलं की ही कादंबरी होईल आणि वहीताई पुढच्या वर्षीही वाचनमात्रच राहतील. ते तुम्ही लिहा.

सोयरीक
मला सगळ्या कटकारस्थानांपेक्षा एक गोष्ट नेहमी जास्त टोचते ती म्हणजे एकाच घरातली माणसं दोन बाजूंना असतात आणि तरी एकमेकांची कुणीतरी असतात. १६८० मध्ये सोयराबाईंनी राजारामांना गादीवर बसवलं तेव्हा त्यांचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते, सरसेनापती, ते संभाजीराजांच्या बाजूला गेले. भाच्याच्या विरुद्ध! त्या भावाबहिणीची नंतर नजरानजर झाली असेल तेव्हा काय झालं असेल, मला ते वाचायचंय. वही, तुमच्या विश्रुत आणि धारामध्ये प्रेम कुठेय? ती त्याला रसद पाठवत होती ना पंधरा वर्षं? खजिना तिच्याकडे म्हणजे पगार तीच पाठवत असणार, दाणापाणी तीच पाठवत असणार. तो रक्त सांडत होता ते तिच्या हिशोबावर. ती कधी कमी पडली असेल, एखाद्या हिवाळ्यात कांबळी वेळेत पोचली नसतील, आणि त्याची माणसं गारठून मेली असतील. त्याचा राग तिथून येऊ द्या. गादी हे निमित्त.

अर्धी वही
सोयरीक, कांबळी. हे मी घेतेय, आधीच सांगून ठेवते.

सोयरीक
घ्या हो, खुशाल.

आडवाट
आता वोटिंग घ्या. वातवालीने काय बघितलं? १) दोन ज्योती उसळल्या. २) एकही उसळली नाही. ३) तिला डुलकी लागली होती. माझं मत दोनला. शेकडो वर्षं चाललेली जादू संपलीय आणि हे फक्त एका म्हातारीला माहितीय, अंगावर काटा.

काडेपेटी
तीन. इतिहासातली निम्मी राज्यं कुणाच्या तरी डुलकीवर चाललीत.

माजघर
एक! दोन उसळल्या, आणि दुसरी अर्णवची. अकरा वर्षांच्या पोराच्या हातात राज्य गेलं तर त्याला दोन्हीकडून मारतील हे तिला ठाऊक आहे म्हणून ती त्याचं नाव गिळते. म्हणजे खोटं बोलली ती जीव वाचवायला.

गोधडी
माजघर, रडवलंत.

खिडकीतली
मला तिन्ही जरा जास्तच हुशार वाटतायत, रागवू नका. तिन्हीत तिला खरं काय ते माहितीय आणि ती लपवतेय. तिलाच माहीत नसेल तर? म्हणजे ती जागी होती, समोरच होती, काम करत होती, आणि तरी तिला खात्री देता येत नाही. कट नाही, पाप नाही. नेहमीचं काम करताना झालेली एक साधी गोष्ट, आणि आता वर सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे आहेत. अशी काय गोष्ट असेल ते वही तूच शोध, तेलवातीचं तुला जास्त कळतं.

आडवाट
माझं मत बदललं. चौथा पर्याय.

काडेपेटी
एका धाग्यात दोनदा. आता तिथी नाही, पंचांगच बघावं लागणार.

अर्धी वही
मंडळी, दोन दिवस गायब होते कारण जुनं सगळं बाजूला ठेवून नव्याने लिहायला बसले. साडेसहा हजारातले फार तर चारशे शब्द वाचलेत. विश्रुत बुरुजावरून पडत नाही. घरी एक जुनी समई होती ती काढून संध्याकाळभर तिच्यापुढे बसले, हाताला भाजून घेतलं, पण जे हवं होतं ते सापडलं. हा तुकडा देतेय, बोला.

*जनाईला पायऱ्या मोजायची गरज उरली नव्हती. त्रेसष्ट. खाली उतरताना गुडघा दुखायचा, चढताना छाती.*

*राजाचा दिवा तीन दिवस धुमसत होता. तेल भरपूर होतं, वात नवी होती, तरी ज्योत अशी की कुणी आतून ओढून धरलीय. जनाईने त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. आजारी माणसाच्या तोंडाकडे सारखं बघू नये. ती बाकीच्यांचं करत बसली.*

*विश्रुतच्या दिव्याची काजळी झाडली. त्याच्या वातीला काजळी फार, पहिल्यापासून. रोज झाडावी लागायची, आणि रोज झाडताना ती पुटपुटायची, बाळा, जरा दमानं. अर्णवच्या दिव्यात बोटभर तेल घातलं. लहान दिवा, लहान वाटी, सांडायची भीती. मग ती धाराच्या दिव्याशी आली. वात आत सरकली होती आणि ज्योत वाटाण्याएवढी झाली होती. जनाईने काडी बाजूला ठेवली, अंगठा आणि पहिलं बोट तेलात बुडवून वात चिमटीत धरली आणि पुढे सारली. चाळीस वर्षं ती काडीने सारत नव्हती, बोटांनीच सारायची. काडीला कळत नाही किती ते.*

*ज्योत वर आली.*

*मागे फक्क असा आवाज झाला. एवढासा, कुणी ओठ मिटावेत तसा. ती वळली तेव्हा राजाच्या दिव्यावरून धुराची एक सरळ रेघ छताकडे चालली होती.*

*जनाईने हात जोडले. डोळे मिटले की नाही हे तिला पुढे कितीदा आठवून बघितलं तरी आठवलं नाही. मिटले असतील. चाळीस वर्षं ज्याची वात केली त्याच्यासाठी डोळे मिटणारच माणूस.*

*मग ती पुन्हा वळली. तीन दिवे होते. धाराची ज्योत उंच होती. हातभर? हातभर नसेल, वीतभर असेल. वात सारली की ज्योत वर येतेच, रोजच येते, आणि थोड्या वेळाने बसते. ही बसत होती. पण उसळलेली ज्योतसुद्धा नंतर बसतच असेल. तिने उसळलेली ज्योत एकदाच बघितली होती, या राजाच्या वेळी, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि सासूच्या पदराआडून बघत होती.*

*तिने विश्रुतच्या दिव्याकडे बघितलं. शांत. अर्णवच्या दिव्याकडे. शांत. आत्ता शांत. मघाशी काय होते कुणास ठाऊक, ती मघाशी पाठमोरी होती.*

*वरून पावलं वाजली. एक जण नव्हता. पुढची पावलं जड होती, बूट होते, सरहद्दीवरचे बूट. त्याच्या मागे पैंजण नसलेल्या अनवाणी पायांची घाई.*

*"जनाई," विश्रुत शेवटच्या पायरीवर थांबला. आत यायची त्यालाही परवानगी नव्हती आणि अजूनही त्याला ते आठवत होतं. "कुणाची?"*

*त्याच्या खांद्यामागून धारा बघत होती. ती राजाच्या विझलेल्या दिव्याकडे बघत होती, फक्त तिकडेच.*

*जनाईने आपली बोटं बघितली. अंगठा आणि पहिलं बोट. तेल, आणि तेलावर काळं.*

गोधडी
…

सोयरीक
धारा फक्त बापाच्या दिव्याकडे बघते. आणि विश्रुत पायरीवर थांबतो. बस, मला दोघं कळले. कांबळी कुठे येणारेत?

अर्धी वही
पुढच्या प्रसंगात. तो तिला म्हणतो, तुझी ज्योत वर यायला नेहमीच उशीर होतो.

तळटीप
दंडवत. एक तांत्रिक शंका, रागवू नका. तेवीस अधिक चाळीस त्रेसष्ट, आणि पायऱ्याही त्रेसष्ट. मुद्दाम आहे का?

अर्धी वही
नाही हो! तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता लक्षात आलं. ठेवू?

आडवाट
ठेवा, पण त्यावर कथेत कुणी बोलू नका.

माजघर
मला एक सांगा. वात सारली होती हे जगात फक्त तिला माहितीय. पुरावा म्हणजे ती दोन बोटं. तिने बोटं पदराला पुसली तर सांगता येईल की ज्योत आपोआप वर आली. आणि पुसली नाहीत, दाखवली, तर सांजगडाला राजाच नाही.

काडेपेटी
आणि विश्रुतने ती बोटं बघितली असतील तर?

अर्धी वही
बघितलीयत. त्याने बघितलीयत आणि तो अजून काही बोललेला नाही, तिथेच पेन थांबलंय. रात्री बसते परत.